तीस अज्ञाते, तीस समीकरणे: गणना नेमकी कुठे अडते?

प्रश्नकर्त्यांनी मांडलेली अडचण थोडक्यात अशी आहे. ३१ घटकांच्या सांत क्षेत्रावरची (म्हणजे जिथे ३१ च संख्या असतात आणि बेरीज-गुणाकारानंतर ३१ ने भागून बाकी घेतात), ३० अज्ञातांची ३० वर्गसमीकरणे त्यांनी ग्रोबनर बेसिस (त्याच उकलींचा, पण उकली वाचून काढता येतील असा समीकरणांचा संच) काढणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली. ६४ जीबी मेमरी भरली आणि प्रोग्रॅम बंद पडला. त्यांच्या सहकाऱ्याकडे त्याच क्षेत्रावरची, तितक्याच अज्ञातांची, पण ५०० समीकरणे असलेली प्रणाली होती आणि ती काही सेकंदांत सुटली. अशी समीकरणे सोडवण्याचा प्रश्न एनपी-पूर्ण (म्हणजे ज्यांची झटपट रीत कोणालाही सापडलेली नाही अशा प्रश्नांच्या गटातला) असल्याचे त्यांनी वाचले आहे. मग एक प्रणाली सुटते आणि दुसरी सुटत नाही, हे कसे? क्षेत्राच्या आकाराने फरक पडतो का? आणि मेमरी चौपट केली तर काम होईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पैसे खर्च होण्याची शक्यता आहे: मेमरी चौपट केल्याने काहीही साधणार नाही. बाकीच्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे असे मला वाटते. अज्ञातांची संख्या सारखी असली की प्रणाली सारख्याच अवघड असाव्यात, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात गणनेचा खर्च ठरतो तो समीकरणांना गुणत गुणत किती घातापर्यंत चढावे लागते यावरून, आणि हा घात अज्ञातांच्या संख्येबरोबरच समीकरणांची संख्या, क्षेत्राचा आकार आणि समीकरणांची अंतर्गत रचना यांवर अवलंबून असतो.

एनपी-पूर्णतेचा मुद्दा आधी बाजूला करू. तीन पदांचे एखादे तार्किक विधान घ्या: क्ष किंवा य किंवा झ खरे असले पाहिजे. हे विधान (१ − क्ष)(१ − य)(१ − झ) = ० या समीकरणाने लिहिता येते. त्याचा घात तीन आहे, म्हणून त = (१ − क्ष)(१ − य) असे नवे अज्ञात घ्यावे, म्हणजे उरलेले समीकरण त(१ − झ) = ० एवढेच राहते आणि दोन्ही समीकरणे दुसऱ्या घाताची होतात. अज्ञातांना ० किंवा १ याच किमती मिळाव्यात म्हणून क्ष × क्ष = क्ष हे समीकरण प्रत्येकासाठी जोडावे. एवढ्याने कोणताही तार्किक समाधेयतेचा (म्हणजे अशी सगळी विधाने एकाच वेळी खरी करता येतात का, हा एनपी-पूर्ण) प्रश्न कोणत्याही क्षेत्रावरच्या वर्गसमीकरणांत उतरतो. हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. पण यातून एवढेच सिद्ध होते की सर्वच्या सर्व प्रणाली झटपट सोडवणारी एकच रीत सापडण्याची आशा नाही. तुमच्या समोरची विशिष्ट प्रणाली सोपी की अवघड, याबद्दल हे प्रमेय एक अक्षरही बोलत नाही. यादृच्छिक सहगुणकांच्या प्रणाली अवघड असतात हा आपला विश्वास आहे; तो अनेक वर्षांच्या अयशस्वी प्रयत्नांवर उभा आहे, या प्रमेयावर नाही.

आता सहकाऱ्यांची प्रणाली. ३० अज्ञातांपासून बनणारी दुसऱ्या घातापर्यंतची एकपदे (अज्ञाते आणि त्यांचे गुणाकार) मोजा: ३० एकेरी, ३० वर्ग आणि ४३५ जोड्यांचे गुणाकार, मिळून ४९५. प्रत्येक एकपदाला स्वतंत्र अज्ञात मानले, तर ५०० समीकरणे ही ४९५ अज्ञातांची साधी रेषीय समीकरणे ठरतात आणि नेहमीच्या निरसनाने, म्हणजे एकेक अज्ञात काढून टाकत, सुटतात. सॉफ्टवेअरला दुसऱ्या घाताच्या वर जावेच लागले नाही. प्रश्न तोच राहिला, पण समीकरणांच्या विपुलतेने त्याचे स्वरूप पालटले.

समीकरणे ४९५ पेक्षा कमी असतील तर काय करायचे? उपलब्ध समीकरणांना क्ष, य अशा अज्ञातांनी, मग त्यांच्या गुणाकारांनी गुणायचे. प्रत्येक गुणाकार हे मूळ उकलीला लागू पडणारे नवे समीकरण असते. त्याबरोबर नवी एकपदेही येतात, पण एका टप्प्यानंतर समीकरणे एकपदांना गाठतात. अशा सर्व समीकरणांच्या सहगुणकांच्या तक्त्याला मॅकॉलेचा मॅट्रिक्स म्हणतात. बुखबर्गर यांची १९६५ ची रीत, लझार यांनी १९८३ मध्ये दाखवलेला रेषीय बीजगणिताशी संबंध, फोजेर यांच्या १९९९ आणि २००२ च्या एफ-४ व एफ-५ या रीती, २००० साली मांडली गेलेली एक्सएल ही रीत, या सगळ्यांच्या तळाशी याच मॅट्रिक्सचे निरसन आहे. एफ-४ आणि एफ-५ निरुपयोगी ओळी टाळतात आणि ते महत्त्वाचे आहे. तरी ज्या घातापर्यंत चढावे लागते तो घात टळत नाही.

यादृच्छिक प्रणालीसाठी हा घात आधीच काढता येतो. मोठ्या क्षेत्रावर समीकरणे आणि अज्ञाते समसमान असतील, तर तो अज्ञातांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त असतो. म्हणजे तुमच्या बाबतीत ३१. तीस अज्ञातांत ३१ व्या घातापर्यंतची एकपदे मोजली तर २३ च्या पुढे १६ शून्ये इतकी भरतात, आणि मॅट्रिक्सला तेवढे स्तंभ लागतात. असा मॅट्रिक्स जगातल्या कोणत्याही यंत्रात मावणार नाही. ६४ जीबी आणि २५६ जीबी यांतला फरक इथे नगण्य आहे.

एवढा घात का लागतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तीस यादृच्छिक वर्गसमीकरणांना ३१ घटकांच्या क्षेत्रात सरासरी एकच उकल असते, पण त्या क्षेत्राच्या विस्तारांत (त्याला सामावणाऱ्या मोठ्या क्षेत्रांत) मिळून २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी उकली असतात. ग्रोबनर बेसिस त्या सगळ्यांचे वर्णन करते. आपल्याला त्यांपैकी एकच हवी आहे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते, त्यामुळे नको असलेल्या शंभर कोटी उकलींसाठीही ते राबत राहते. (प्रणाली खरोखर यादृच्छिक असेल आणि तिच्यात कोणी उकल मुद्दाम पेरलेली नसेल, तर मूळ क्षेत्रात निदान एक उकल असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच असते. त्यामुळे ‘उकल नाही’ हे उत्तरही निमूटपणे स्वीकारायची तयारी ठेवावी.)

या कारणातूनच उपाय निघतो. एका अज्ञाताची किंमत सरळ गृहीत धरा. आता २९ अज्ञाते आणि ३० समीकरणे उरली; समीकरणे एकाने जास्त झाली की विस्तारांतल्या त्या सगळ्या फालतू उकली गळून पडतात. लागणारा घात ३१ वरून एकदम १६ वर येतो आणि स्तंभ सुमारे ६५ हजार कोटींवर. त्या बदल्यात ३१ किमती एकेक करून तपासाव्या लागतात, पण मॅट्रिक्स लाखो पटींनी लहान झाल्यावर ३१ पट काम ही किरकोळ किंमत आहे. दोन अज्ञाते गृहीत धरली तर घात १४ आणि स्तंभ सुमारे ५,३०० कोटी. तीन धरली तर घात १२ आणि स्तंभ ३९१ कोटी. चार धरली तर घात ११ आणि स्तंभ साडेपंच्याऐंशी कोटी. प्रत्येक पायरीला तपासायच्या शक्यता मात्र ३१ पटींनी वाढतात. विरळ (बहुतेक घटक शून्य असलेल्या) मॅट्रिक्सच्या निरसनाला साधारण स्तंभसंख्येच्या वर्गाइतका खर्च येतो असे धरून मी हिशेब केला, तेव्हा सर्वांत कमी खर्च तीन अज्ञाते गृहीत धरल्यावर आला. चार धरली तर दीडपट आणि पाच धरली तर दुप्पट खर्च होतो, म्हणजे त्या आसपास वक्र सपाटच आहे. या मिश्र रीतीचे पद्धतशीर विश्लेषण बेताल, फोजेर आणि पेरे यांनी २००९ मध्ये केले. माझ्या मते या विषयात नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी हीच रीत शिकावी, कारण तिला नवे सॉफ्टवेअर लागत नाही. आहे त्याच सॉफ्टवेअरला समीकरणांऐवजी काही किमती भरलेली समीकरणे द्यायची असतात.

एवढे करूनही तुमचा सर्वोत्तम खर्च ४६ च्या पुढे २२ शून्ये इतक्या क्रियांचा आहे. काहीच गृहीत न धरता जो खर्च झाला असता त्याच्या तुलनेत तो एकावर ११ शून्ये इतक्या पटींनी कमी आहे आणि तरीही टेबलावरच्या यंत्राच्या पूर्ण आवाक्याबाहेर आहे. मेमरी वाढवण्याबद्दलही हाच हिशेब उपयोगी पडतो. एक अज्ञात गृहीत धरलेल्या प्रणालीत अज्ञाते आणि समीकरणे २८ वरून ३० वर नेली तर स्तंभ साडेसहा पट होतात आणि भरगच्च मॅट्रिक्स साठवायला सुमारे ४३ पट जागा लागते. चौपट मेमरीने तुम्ही जेमतेम एका अज्ञाताने पुढे सरकाल, त्याचीही खात्री नाही.

क्षेत्राचा आकार महत्त्वाचा आहे का? होय, आणि फार मोठ्या प्रमाणात. हीच ३० अज्ञाते केवळ ० आणि १ च्या क्षेत्रावर असती, तर सर्व १०७ कोटी शक्यता एकामागोमाग तपासून साध्या लॅपटॉपवर अत्यल्प वेळात उत्तर मिळाले असते. शक्यता अशा क्रमाने घ्यायच्या की दर पायरीला एकच बिट बदलेल. मग पूर्ण समीकरण पुन्हा मोजावे लागत नाही, फक्त फरक मिळवावा लागतो. ३१ च्या क्षेत्रावर शक्यता ३१ चा ३० वा घात, म्हणजे ४५ अंकी संख्या होते आणि हा मार्ग बंद होतो. शिवाय द्विमान क्षेत्रावर क्ष × क्ष = क्ष हे समीकरण प्रत्येक अज्ञातासाठी आयते मिळते आणि ते दुसऱ्याच घाताचे असल्याने लगेच कामाला येते. ३१ च्या क्षेत्रावर त्याच्या जागी ३१ व्या घाताचे समीकरण येते. तिथपर्यंत चढायचेच नसल्याने त्याचा व्यवहारात उपयोग नाही.

द्विमान क्षेत्राचा अभ्यास म्हणूनच वेगळा आणि अधिक खोलवर झाला आहे. सर्व शक्यता तपासण्यापेक्षा निश्चितपणे चांगली, कोणतेही गृहीतक न धरणारी रीत २०१७ मध्ये मिळाली. तिचा खर्च २ चा ०.८७६५ × अ वा घात होता, जिथे अ ही अज्ञातांची संख्या आहे. इताय दिनूर यांनी २०२१ पर्यंत तो ०.६९४३ × अ वर आणला. हे आकडे सैद्धांतिक आहेत. मेमरीची गरजही घातांकीच आहे, आणि प्रत्यक्षात सोडवता येतील अशा आकारांवर नेटकी सर्वशोध रीत त्यांना हरवते. व्यवहारात गाजली ती २०१७ ची जू आणि व्हित्स यांची ‘क्रॉसब्रेड’ रीत. तिने फुकुओका आव्हानमालेतली (अशा प्रणाली सोडवण्याच्या जाहीर आव्हानांतली) द्विमान क्षेत्रावरची, ७४ अज्ञातांची १४८ समीकरणे एका दिवसाच्या आत सोडवली. त्यात नशिबाचा मोठा वाटा होता हे लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे. या उदाहरणातही समीकरणे अज्ञातांच्या दुप्पट आहेत हे नजरेआड करू नका.

अज्ञाते समीकरणांपेक्षा जास्त असतील तर काय, हे एका परिच्छेदात आटोपते. जास्तीच्या अज्ञातांना मनाला येतील त्या किमती देता येतात, त्यामुळे अशी प्रणाली समसमान प्रणालीपेक्षा अवघड असू शकत नाही; अज्ञाते समीकरणसंख्येच्या वर्गाच्या पुढे गेली, तर २ लक्षणाच्या क्षेत्रांवर (जिथे १ + १ = ० असते) ती बहुपदी वेळात सुटते हे किप्निस, पातारँ आणि गुबँ यांनी १९९९ मध्ये दाखवले. शेव्हाले आणि वॉर्निंग यांचे प्रमेय तर त्याहून कितीतरी आधीच सांगते की ३० समघाती (सर्व पदे दुसऱ्याच घाताची असलेल्या) वर्गसमीकरणांत ६१ अज्ञाते असली, तर सगळी शून्ये सोडून आणखी एक उकल असतेच असते. ती शोधायची कशी, हे मात्र ते प्रमेय सांगत नाही. म्हणजे सर्वांत अवघड पट्टा समसमान संख्यांच्या आसपासचा आहे आणि तुमची प्रणाली नेमकी तिथेच बसली आहे.

आतापर्यंतचे सगळे आकडे ‘प्रणाली यादृच्छिकासारखी वागते’ या गृहीतकावर उभे आहेत, आणि तुमच्या प्रश्नात नेमकी हीच माहिती नाही: ही समीकरणे आली कुठून? प्रत्यक्ष कामात समोर येणाऱ्या प्रणाली क्वचितच यादृच्छिक असतात. सांकेतिक लिपिशास्त्राचा गेल्या काही दशकांचा इतिहास या एका मुद्द्याभोवती फिरतो. पातारँ यांनी १९९६ मध्ये एचएफई ही जाहीर किल्लीची सांकेतिक योजना मांडली. तिची जाहीर समीकरणे दिसायला यादृच्छिक होती, पण ती एका मोठ्या क्षेत्रावरच्या एकाच अज्ञाताच्या बहुपदीला झाकून बनवलेली होती. द्विमान क्षेत्रावरचे तिचे ८० अज्ञातांचे आव्हान फोजेर आणि जू यांनी २००३ मध्ये ग्रोबनर बेसिसने सोडवले. ८० यादृच्छिक समीकरणांना जो घात लागला असता त्याच्या खूप खाली, चौथ्याच घाताला त्यांचे काम संपले. झाकलेली रचना घाताच्या रूपाने बाहेर पडली. २००५ च्या ‘रेनबो’ या स्वाक्षरी योजनेचे तर आणखी वेगळे झाले. ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या निवडप्रक्रियेत अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचली होती. २०२२ मध्ये वॉर्ड बेउलेन्स यांनी तिच्या दुसऱ्या फेरीतल्या सर्वांत खालच्या सुरक्षापातळीची गुप्त किल्ली साध्या लॅपटॉपवर सरासरी ५३ तासांत काढून दाखवली. तिथेही सर्वसाधारण वर्गसमीकरणे सोडवण्याची रीत सुधारली नव्हती; योजनेच्या रचनेतून लहान आणि सोपी प्रणाली वेगळी काढता आली.

उलट टोकाचे उदाहरणही आहे. एईएस-१२८ हा सांकेतिक अल्गोरिदम द्विमान क्षेत्रावरच्या १,६०० अज्ञातांच्या ८,००० वर्गसमीकरणांत लिहिता येतो, असे कूर्त्वा आणि पीपशिक यांनी २००२ मध्ये दाखवले. समीकरणे पाचपट, त्यातही अत्यंत विरळ. त्यामुळे एईएस बीजगणिताने मोडेल अशी चर्चा काही काळ जोरात होती. तसे घडले नाही. समीकरणे जास्त असणे आणि रचना असणे या दोन्ही गोष्टी मदत करू शकतात, पण करतीलच असे नाही. म्हणूनच कोणी ‘इतकी अज्ञाते पुरेशी सुरक्षित आहेत का’ असे विचारले की मी आकड्याच्या आधी समीकरणांचा उगम विचारतो.

उगम सांगता येत नसेल किंवा त्यातून काही निष्पन्न होत नसेल, तर मोजमाप करावे. माझी पद्धत अशी आहे. ज्या उगमातून तुमची ३० अज्ञातांची प्रणाली आली, त्याच उगमातून ८, १० आणि १२ अज्ञातांच्या छोट्या प्रणाली तयार करा. प्रत्येकीच्या जोडीला त्याच मापाची, पूर्ण यादृच्छिक सहगुणकांची प्रणाली घ्या आणि दोन्ही एकाच सॉफ्टवेअरवर, सविस्तर नोंद चालू ठेवून चालवा. वेळेकडे पाहू नका. लहान आकारांत वेळ फसवतो. नोंदीत एफ-४ प्रत्येक पायरीला कोणत्या घातावर काम करते ते दिसते, त्यातला सर्वांत मोठा घात टिपून ठेवा. १२ यादृच्छिक समीकरणांना काहीच गृहीत न धरता घात १३ लागायला हवा आणि एक अज्ञात गृहीत धरल्यावर ७. पहिल्या बाबतीत पूर्ण मॅट्रिक्सचे स्तंभ ५२ लाखांवर जातात, दुसऱ्या बाबतीत ३१,८२४ वर राहतात. हा फरक स्वतःच्या यंत्रावर एकदा पाहावा, म्हणजे वरचा सगळा हिशेब अंगवळणी पडेल. तुमचे सॉफ्टवेअर पूर्ण मॅट्रिक्सपेक्षा लहान मॅट्रिक्स वापरील, त्यामुळे स्तंभांचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत; घात मात्र जुळला पाहिजे.

तुमच्या प्रणालीचा घात यादृच्छिक जोडीदाराइतकाच वाढत गेला, तर ३० चा नाद तूर्त सोडावा. ६४ जीबीमध्ये झेपेल असे माप म्हणून १६ अज्ञाते, १६ समीकरणे घेऊन पाहा. दोन अज्ञाते गृहीत धरली की घात ७, स्तंभ १,१६,२८० आणि शक्यता ९६१. दर घटकाला एक बाइट धरला तर भरगच्च मॅट्रिक्सलाही सुमारे साडेतेरा जीबी पुरतात. शक्यता एकमेकींपासून स्वतंत्र असल्याने काम अनेक यंत्रांवर वाटताही येते. घात ८, १०, १२ अज्ञातांना चार किंवा पाचवरच थांबला, तर मात्र चित्र पूर्ण वेगळे आहे: प्रणालीत रचना आहे आणि ती कोणती हे शोधणे हेच पुढचे काम आहे. घात खरोखर पाचवर स्थिर राहिला, तर ३० अज्ञातांत पाचव्या घातापर्यंतची एकपदे सव्वातीन लाखांच्या आतच आहेत आणि ती प्रणाली तुमच्याच यंत्रावर सुटू शकते. मग पहिल्या प्रयत्नात मेमरी का भरली, हा प्रश्न उरतो. तेव्हा सॉफ्टवेअरने एकपदांचा कोणता क्रम वापरला होता ते तपासा. कोशक्रम (lex, शब्दकोशासारखा क्रम) निवडलेला असेल, तर तो बदलून आधी एकूण घात पाहणारा उलटा क्रम (grevlex) घ्या आणि तीन मापांच्या नोंदींतले घात इथे कळवा.